फिगर स्केटिंगची कॉमेंट्री : कोणाची ऐकावी आणि कुठे आवाज बंद करावा

फिगर स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धेचं चित्र जगभर जवळपास एकच दिसतं. यजमान प्रक्षेपक कॅमेरे लावतो, त्याचं फीड सगळ्या देशांना जातं आणि प्रत्येक वाहिनी त्यावर आपापला आवाज चढवते. अमेरिकेतली एनबीसी, कॅनडातली सीबीसी, ब्रिटनमधली बीबीसी आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचं, म्हणजे आयएसयूचं, यूट्यूब चॅनेल यांतून निवड करायची ती खरं तर समालोचकाची. ही निवड महत्त्वाची आहे. हा खेळ क्रिकेटसारखा धावफलकावरून कळत नाही. चार मिनिटांत बर्फावर काय घडलं हे कोणी नीट सांगितलं नाही, तर गुण लागल्यावर प्रेक्षक बुचकळ्यात पडतो, नाहीतर चिडतो.

इथे कसोटी अशी लावली आहे : डोळ्यातून निसटणारी गोष्ट समालोचक सांगतो का, वेळेवर सांगतो का, आणि उरलेला वेळ गप्प बसतो का.

निसटणाऱ्या गोष्टींत पहिला मान उड्यांचा. तीन गिरक्यांची उडी हवेत पाऊण सेकंदही टिकत नाही. उड्या सहा : टो लूप, सॅलकॉव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. हवेत गेल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात, ओळख पटते ती बर्फ सोडण्याच्या क्षणी. ॲक्सेल सोपी, कारण ती एकटीच पुढे तोंड करून मारतात आणि म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त असते. बाकीच्या पाच पाठमोऱ्या. त्यांपैकी टो लूप, फ्लिप आणि लुट्झ घेताना दुसऱ्या पायाच्या ब्लेडचं दातेरी टोक, म्हणजे टो पिक, बर्फात रोवतात. सॅलकॉव आणि लूप नुसत्या ब्लेडच्या कडेवरून उचलतात.

फ्लिप आणि लुट्झ यांतला फरक तेवढ्या कडेचा. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा स्केटर दोन्हींत डाव्या पायावर मागे घसरत येतो आणि उजव्या पायाचं टो पिक रोवतो. फ्लिपला डावं ब्लेड आतल्या कडेवर हवं, लुट्झला बाहेरच्या. लुट्झमध्ये शरीर एका वक्रावरून जात असतं आणि गिरकी त्याच्या विरुद्ध बाजूला घ्यायची असते. म्हणून ती अवघड, आणि म्हणून ट्रिपल लुट्झची मूळ किंमत ५.९० तर ट्रिपल फ्लिपची ५.३०. पुष्कळ स्केटर रिंकच्या कोपऱ्याकडे लांबलचक बाहेरच्या कडेवर येतात आणि ऐन टो पिक रोवताना त्यांचा घोटा आत कलतो. ब्लेड आतल्या कडेवर जातं, उडी नावापुरती लुट्झ उरते. तांत्रिक पॅनेलने हे पकडलं तर गुणपत्रिकेत त्या उडीपुढे ‘ई’ लागतो आणि किंमत कापली जाते. कड संदिग्ध असेल तर उद्गारचिन्ह लागतं. हे सगळं घरबसल्या पहिल्याच नजरेत दिसणं अशक्य. चांगला समालोचक लँडिंगच्या आत ‘ट्रिपल लुट्झ’ एवढंच म्हणतो, आणि रीप्लेमध्ये घोट्याकडे बोट दाखवतो. एवढं ज्याला जमतं, त्याच्या बाकीच्या बऱ्याच सवयी माफ करता येतात.

दुसरी गोष्ट गिरकी पूर्ण झाली की नाही याची. इथेच बहुतेक कॉमेंट्री तोंडघशी पडते. उडी पाव फेरीने कमी पडली तर ‘क्यू’ लागतो. मूळ किंमत शाबूत राहते, पण परीक्षकांनी दर्जाचे गुण कमी करायचे असतात. पाव फेरीपेक्षा जास्त पण अर्ध्या फेरीपेक्षा कमी पडली तर ‘<’ हे चिन्ह लागतं आणि मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते. अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त राहिली तर तेच चिन्ह दोनदा, आणि उडी एक गिरकी कमी असलेल्या उडीच्या भावाने मोजली जाते. आता हिशेब बघा. स्वच्छ ट्रिपल लुट्झ, परीक्षकांकडून दर्जासाठी सरासरी अधिक तीन (दर्जाची एक पायरी म्हणजे मूळ किमतीचे दहा टक्के) : ५.९० अधिक १.७७, म्हणजे ७.६७. तीच उडी ‘<’ लागून, दर्जा उणे दोन : ४.७२ वजा ०.९४, म्हणजे ३.७८. जवळजवळ चार गुण गेले, आणि टीव्हीवर दोन्ही उड्या एकाच पायावर, हात पसरून, हसतमुखाने संपलेल्या दिसल्या. समालोचकाने उत्साहात ‘स्वच्छ!’ म्हणून शिक्का मारला असेल, तर गुण लागल्यावर घरातल्या माणसाला परीक्षकांनी लबाडी केली असंच वाटणार.

उपाय साधा आहे. जोडउडीतली दुसरी उडी हमखास संशयाची असते, कारण पहिल्या उडीनंतर वेग संपलेला असतो. तिथे ‘ही परत पाहिली जाईल’ एवढं म्हणणं पुरे. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चालू तांत्रिक गुणांच्या चौकटीत पॅनेलने राखून ठेवलेला घटक वेगळ्या रंगाने दाखवतात. त्या चौकटीतली बेरीज कच्ची असते, ती खाली येऊ शकते, हेही प्रत्येक गटाच्या सुरुवातीला एकदा सांगायला हवं. बहुतेक जण सांगत नाहीत.

एनबीसीचं त्रिकूट आता अमेरिकेतल्या मराठी घरांतही सवयीचं झालं आहे : टेरी गॅनन, टारा लिपिन्स्की आणि जॉनी वेअर. लिपिन्स्की १९९८च्या नागानो ऑलिंपिकची सुवर्णविजेती, तेव्हा ती १५ वर्षांची होती. वेअर २००४ ते २००६ असा सलग तीनदा अमेरिकेचा विजेता. २०१४च्या सोची ऑलिंपिकला हे तिघं दिवसाच्या प्रक्षेपणात एकत्र आले आणि २०१८च्या प्योंगचांगपासून मुख्य वेळेवर बसले. लिपिन्स्की आणि वेअर दोघांची नजर तेज आहे. उडीचं नाव ते जमिनीला पाय लागायच्या आत सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. प्रवेशाच्या वेळी खांदा आधीच फिरला, कंबर वर चढलीच नाही, लँडिंगला वजन टाचेकडे गेलं, अशी कारणं ते चार-पाच शब्दांत देतात. कोणी वाईट स्केटिंग केलं तर तसं म्हणायला कचरत नाहीत, आणि तो गुण छोटा नाही. गॅनन कमी बोलतो, गुण आणि क्रम तेवढे सांगतो. त्रिकुटात असा एक माणूस लागतोच.

त्यांचा दोष बोलण्याच्या जागेचा. उडी संपून पायांची मालिका, म्हणजे स्टेप सीक्वेन्स, सुरू झाली की दोघांचे संवाद सुरू होतात : मागच्या मोसमातली दुखापत, प्रशिक्षक बदलला ते, पोशाखाचं कापड. नेमकी तीच चाळीसेक सेकंदं बघण्यासारखी असतात. कडा, वळणं, संगीताची लय आणि बर्फ किती व्यापला हे सगळं तिथे असतं. मैफलीत विलंबित संपून द्रुत सुरू होताच शेजाऱ्याने गायकाच्या घराण्याची माहिती द्यायला लागावं, तसं ते होतं. ही माहिती सांगायला सहा मिनिटांचा सराव आहे, गुणांची वाट बघतानाचा ‘किस अँड क्राय’चा वेळ आहे. दुसरा दोष त्यांचा नव्हे, वाहिनीचा : जाहिराती आणि कापाकापी. अमेरिकेच्या मुख्य वेळेच्या प्रक्षेपणात अमेरिकी स्केटर आणि शेवटचा गट यांच्यापलीकडचे बरेच जण गळतात. भारताकडून खेळणारी तारा प्रसाद सुरुवातीच्या गटात असेल तर ती पूर्ण फीडमध्येच सापडणार.

लिपिन्स्की-वेअर जोडीच्या शांततेचीही एक नोंद करायला हवी. बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ फेब्रुवारी २०२२ला रशियाची कामिला वालियेवा शॉर्ट प्रोग्रॅमसाठी, म्हणजे स्पर्धेतल्या पहिल्या, छोट्या कार्यक्रमासाठी उतरली. डिसेंबर २०२१च्या तिच्या नमुन्यात बंदी असलेलं ट्रायमेटाझिडीन सापडलं होतं आणि तरीही क्रीडा लवादाने आदल्याच दिवशी तिला खेळू दिलं होतं. लिपिन्स्की आणि वेअर यांनी तिने उतरू नये हे मत उघड मांडलं आणि ती स्केटिंग करत असताना ते जवळजवळ गप्प बसले. शेवटी वेअर म्हणाला ते एवढंच, की हा कामिला वालियेवाचा शॉर्ट प्रोग्रॅम होता. सुरुवातीच्या ट्रिपल ॲक्सेलला अडखळूनही ८२.१६ गुणांनी ती पहिली होती. एरवी भरभरून बोलणारे दोघं गप्प झाले म्हणून त्या गप्प बसण्याला वजन आलं. ते त्यांचं सर्वांत चांगलं काम होतं. ज्याला भीडभाड न ठेवता बोलता येतं, त्यालाच असं गप्प बसता येतं.

त्या ऑलिंपिकला एनबीसीचे समालोचक बीजिंगला गेलेच नव्हते. साथीमुळे सगळं काम कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डच्या स्टुडिओतून, पडद्याकडे बघून झालं. अशा दूरच्या कॉमेंट्रीत सर्वांत मोठं नुकसान वेगाचं. कॅमेरा स्केटरबरोबर सरकत राहतो, त्यामुळे पडद्यावर माणूस मध्यावर स्थिर आणि मागचे फलक धूसर. वेग जाणवतच नाही. रिंकजवळ बसलेल्याला ब्लेडचा आवाज ऐकू येतो. खोल कडेचा आवाज लांब आणि घट्ट असतो, खरवडल्यासारखा असेल तर स्केटर सपाट ब्लेडवर आहे. स्केटिंग कौशल्याचे गुण बऱ्याच अंशी तिथे ठरतात. म्हणून ऐकताना पहिली गोष्ट तपासावी : समालोचक रिंकवर आहे की स्टुडिओत? स्टुडिओत असेल, तर त्याच्या वेगाबद्दलच्या विधानावर कमी आणि उड्यांच्या नावांवर जास्त विसंबावं.

या खेळाच्या टीव्ही-समालोचनाचा पाया डिक बटनने घातला. १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं, स्पर्धेतली पहिली डबल ॲक्सेल आणि पहिली ट्रिपल उडी त्याच्या नावावर. १९६०च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकपासून तो माइकवर होता. पुढे एबीसीवर १९६८ची विजेती पेगी फ्लेमिंग त्याच्या जोडीला आली. जानेवारी २०२५मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी तो गेला. त्याचं वेगळेपण हे, की तो उड्यांइतकंच बर्फावर एका जागी घ्यायच्या गिरक्यांकडे, म्हणजे स्पिनकडे, बघायचा. पाठ कशी वाकली, मोकळा पाय कुठे आहे, पावलाचं टोक ताणलेलं आहे का, गिरकी एका जागी राहिली की सरकत गेली. ढिसाळ हातांवर तो कडक टीका करायचा आणि एखादी स्थिती खरोखर सुरेख असली की थांबून कौतुक करायचा. आजच्या कॉमेंट्रीत गिरक्यांची हेळसांड होते, लेव्हल चार, म्हणजे अवघडपणाची सर्वांत वरची पायरी, मिळाली की नाही एवढाच निकाल. लेव्हलसाठी शरीराच्या कोणत्या अवघड स्थिती घेतल्या, कड बदलली का, एकाच स्थितीत आठ फेऱ्या टिकवल्या का, हे कुणी सांगत नाही. जुनी प्रक्षेपणं मिळाली तर बटनसाठी जरूर ऐकावीत. गुणपद्धत तेव्हा वेगळी होती, पण शरीराकडे बघायचं कसं हे तो अजूनही शिकवतो.

समालोचक किती उलथापालथ करू शकतो याचं उदाहरण सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकचं. ११ फेब्रुवारी २००२, जोड्यांचा फ्री स्केट, म्हणजे दुसरा, मोठा कार्यक्रम. रशियाच्या अँतोन सिखारुलिद्झेचा डबल ॲक्सेलच्या लँडिंगला तोल गेला. कॅनडाचे जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिए चुकले नाहीत. एनबीसीवर होते स्कॉट हॅमिल्टन, १९८४चा सुवर्णविजेता, आणि सँड्रा बेझिक, स्वतः जोडीची स्केटर आणि नंतर नृत्यरचनाकार. गुण यायच्या आधीच कॅनडाची जोडी जिंकली हा सूर त्यांनी लावला. निकाल पाच विरुद्ध चार मतांनी रशियाकडे गेला तेव्हा दोघांचा संताप लपला नाही. फ्रेंच परीक्षकावर दबाव होता हे पुढे बाहेर आलं, दुसरं सुवर्ण दिलं गेलं, परीक्षक कमाल ६.० गुण देत ती जुनी पद्धत मोडीत निघाली. दबावाचा भाग त्यांना बरोबर लागला होता. पण एक गोष्ट त्यांनी प्रेक्षकाला पुरेशी सांगितली नाही. साले आणि पेलेटिए जुना, सरावातला कार्यक्रम घेऊन उतरले होते, तर रशियन जोडीच्या कार्यक्रमात घटकांमधल्या जोडण्या अधिक गुंतागुंतीच्या होत्या. चूक दिसते, अवघडपणा दिसत नाही. अवघडपणा दाखवणं हे समालोचकाचं काम, आणि त्या रात्री ते मागे पडलं.

शिकायचं असेल तर सर्वांत उपयोगी सेवा आयएसयूची स्वतःची आहे, आणि ती फुकट आहे. ज्युनियर ग्रां प्रीच्या स्पर्धा यूट्यूबवर पूर्ण दाखवतात, आणि अनेक मोसम त्यांचा आवाज म्हणजे कॅनडाचा टेड बार्टन. सध्याची गुणपद्धत घडवण्यात त्याचा हात होता, आणि ते प्रत्येक वाक्यात कळतं. कार्यक्रम चालू असताना तो घटकाचं नाव घेतो आणि थांबतो. खरी शिकवणी रीप्लेमध्ये. उडीच्या सुरुवातीला डावा हात कुठे होता, हवेत कोपर छातीला किती जवळ आले, लँडिंगच्या आधी शरीर कसं उघडलं, पडण्याचं कारण टेकऑफमध्ये होतं की हवेत. पडणाऱ्या मुलाची चूक सांगताना तो ती कशी सुधारता येईल हेही सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल बोलताना हाच सूर योग्य आहे. तासन्‌तास एकट्याने हे करणं सोपं नाही. सुरुवातीच्या गटातल्या, आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरदेशी आलेल्या मुलीलाही तो शेवटच्या गटाइतकीच तयारी करून भेटतो.

वरिष्ठ स्पर्धेसाठी वयाची अट टप्प्याटप्प्याने १७वर नेल्यापासून या ज्युनियर प्रक्षेपणाचं महत्त्व वाढलं आहे. पूर्वी पंधराव्या वर्षी वरच्या वर्गात जाणाऱ्या मुली आता ज्युनियरमध्येच थांबतात. जपानच्या माओ शिमादाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन ज्युनियर विश्वविजेतेपदं मिळवली. ट्रिपल ॲक्सेल आणि चौपट टो लूप मारणारी ही मुलगी कशी घडत गेली हे ज्यांनी ज्युनियर मालिका पाहिली त्यांनाच कळलं. बार्टनची मर्यादा एकच : तो सौम्य आहे. उडी कमी पडली असेल तर ‘बघतील’ म्हणतो, ‘कमी पडली’ असं क्वचितच म्हणतो. सवय झाली की त्याच्या ‘बघतील’चा अर्थ लागतो. नवख्याने मात्र त्याचं गोड बोलणं म्हणजे भरघोस गुण असं समजू नये.

आइस डान्सला उड्या नाहीत, म्हणून कमकुवत समालोचक तिथे उघडा पडतो. त्याच्याकडे बोलायला पोशाख आणि जोडीचं प्रेम एवढंच उरतं. मार्क हॅनरेटी स्वतः ब्रिटनचा आइस डान्सर होता. आयएसयूच्या प्रक्षेपणात आणि ब्रिटिश वाहिन्यांवर त्याला ऐकताना तो फरक लगेच कळतो. एका पायावर फिरत पुढे सरकायच्या गिरक्या, म्हणजे ट्विझल, दोघांच्या एकदम सुरू होतात का, दोघांमधलं अंतर वाढत जातं का, शेवटच्या फेरीला कोणी पाय खाली टेकला का : या तीन गोष्टी तो नेमक्या टिपतो. त्याची भाषा अलंकारिक आहे, कधीकधी जरा जास्तच. पण अलंकाराच्या पोटात माहिती असते. पोशाखाबद्दल बोलावं कधी, याचंही एक चांगलं उदाहरण आहे. प्योंगचांगच्या शॉर्ट डान्समध्ये गॅब्रिएला पापादाकीसच्या पोशाखाचा हुक सुरुवातीलाच निघाला आणि ती सबंध नृत्यभर तो सांभाळत राहिली. ती आणि गियोम सिझरॉन एकूण ०.७९ गुणांनी दुसरे आले. तिथे पोशाखाबद्दल बोलणं गरजेचं होतं, कारण हातांची हालचाल त्याने बांधली गेली होती.

सीबीसीवर कर्ट ब्राउनिंग आणि ट्रेसी विल्सन ऐकायला मिळाले तर सोडू नयेत. १९८८ला बुडापेस्टमध्ये स्पर्धेतली पहिली मान्य चौपट उडी ब्राउनिंगने मारली. चौपट टो लूप चुकली की कुठे चुकली हे तो स्वतःच्या अंगावरून सांगतो. विल्सन १९८८ची कॅल्गरीची आइस डान्सची कांस्यविजेती आणि पुढे टोरंटोत प्रशिक्षक, त्यामुळे कडांबद्दल तिचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. कॅनडाची कॉमेंट्री अमेरिकेच्या मानाने शांत असते, आपल्या खेळाडूकडे कल असतो पण तो लपवत नाहीत. बीबीसीचा रॉबिन कझिन्स, १९८०चा विजेता, यांच्याच पठडीतला. वाक्यं छोटी आणि संगीत चालू असताना पुरेसं मौन.

जपानमध्ये तऱ्हा वेगळी. माजी स्केटर फक्त उडीचं नाव सपाट आवाजात घेतो आणि भावनेचं काम निवेदकावर सोपवतो. २००६ला तोरिनोत शिझुका अराकावा जिंकली तेव्हा ऑलिंपिकच्या देवीने तिचं चुंबन घेतलं, असं एनएचकेचा निवेदक म्हणाला आणि ते वाक्य तिथे अजून आठवतात. भाषा येत नसली तरी जपानी कॉमेंट्री उपयोगी पडते, कारण उड्यांची नावं इंग्रजीवरूनच घेतलेली आहेत आणि ती अगदी वेळेवर येतात.

वर नावाजलेल्या बहुतेकांना लागू असलेला एक मोठा दोष म्हणजे उड्या-गिरक्यांपलीकडच्या, सबंध कार्यक्रमाला मिळणाऱ्या गुणांबद्दलचं मौन. २०२२-२३पासून हे गुण पाचाऐवजी तीन सदरांत देतात : रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य. महिलांच्या फ्री स्केटमध्ये या बेरजेला २.६७ने गुणतात. म्हणजे परीक्षकांनी तिन्ही सदरांत पाव-पाव गुण जास्त दिला तर एकूण दोन गुणांचा फरक पडतो. दोन गुण म्हणजे पदक. आणि कॉमेंट्रीत यावर काय येतं? ‘किती सुंदर!’ सुंदर का, हे बोलायला हवं. संगीताचा ताल बदलला तेव्हा पावलं बदलली का, की चाल होती तशीच राहिली? उडीच्या आधी सात-आठ सेकंद सरळ धाव होती, की वळणातून उडी निघाली? सगळ्या उड्या रिंकच्या एकाच टोकाला झाल्या का? हे शब्दांत सांगणारे बार्टन, विल्सन, हॅनरेटी. बाकीच्यांना इथे वेळ असतो, पण तो दुसरीकडे जातो.

पडण्याबद्दलही असंच. चौपट लुट्झची किंमत ११.५०. फेऱ्या पूर्ण करून स्केटर पडला तर दर्जा उणे पाच, म्हणजे ५.७५ वजा, आणि पडल्याचा एक गुण वजा. उरतात ४.७५. ट्रिपल टो लूपची मूळ किंमत ४.२०. पडूनही जास्त मिळतात ते असे, आणि म्हणून पडलेला स्केटर पुढे जाऊ शकतो. हा हिशेब दहा सेकंदांत सांगता येतो. तो न सांगता ‘पडूनही पहिला कसा?’ असं आश्चर्य दाखवणाऱ्या समालोचकाकडून काही मिळत नाही. उत्तरार्धातल्या बोनसचंही तसंच. फ्री स्केटच्या दुसऱ्या अर्ध्यात घेतलेल्या शेवटच्या तीन उड्यांना दहा टक्के जास्त मिळतात. १०.१०ची लुट्झ-टो लूप जोडी तिथे ११.११ची होते. पाय थकलेले असताना ती का ठेवली याचं उत्तर तेच.

मराठी कानाला आकाशवाणीच्या समालोचनाची सवय आहे. बाळ ज. पंडितांसारखे समालोचक मैदान दिसत नसलेल्या माणसाला मैदान दाखवत, त्यामुळे सलग बोलणं हेच चांगलं समालोचन अशी धारणा रुजली. रेडिओवर ते बरोबरच होतं. टीव्हीवर चित्र समोर आहे, संगीतही आहे, आणि संगीत या खेळाचा भाग आहे. म्हणून पुढची पद्धत आजमावावी.

पहिल्यांदा पूर्ण कार्यक्रम आवाजासह बघा, पण समालोचकाने उडीची जी नावं घेतली ती कागदावर क्रमाने लिहा. फ्री स्केटमध्ये उड्यांच्या सात संधी, शॉर्टमध्ये तीन. मग निकालपानावरची सविस्तर गुणपत्रिका उघडा. प्रत्येक भाग संपल्यावर आयएसयूच्या स्पर्धांची ती मिळते. आपली यादी आणि पॅनेलची यादी ताडून बघा. जिथे ‘<’, ‘क्यू’ किंवा ‘ई’ दिसेल, ती उडी परत काढा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून संगणकाच्या कळफलकावरची पूर्णविरामाची कळ दाबली की एक-एक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाच्या कळीने मागे. टो पिक बर्फाला लागण्याच्या आधीची चौकट कडेसाठी, आणि उतरणारं ब्लेड बर्फाला पहिल्यांदा टेकतं ती चौकट फेरीसाठी. कॅमेरा तिरका असेल तर फसगत होते. ब्लेड कॅमेऱ्याच्या अगदी सरळ रेषेत असेल तर कड दिसतच नाही, तेव्हा दुसऱ्या कोनातला रीप्ले शोधा. पॅनेल स्वतःच्या चित्रणावरून ठरवतं, त्यामुळे टीव्हीच्या कोनातून वेगळं दिसलं म्हणून निर्णय चुकला असं नव्हे.

तिसऱ्यांदा आवाज खाली आणून, नुसतं संगीत मिळत असेल तर तेवढं ठेवून बघा. पायांच्या मालिकेत स्केटर किती वेळा दोन्ही पायांवर येतो ते मोजा. चांगला जवळजवळ येतच नाही.

आयएसयूच्या चॅनेलवर ज्युनियर मालिका भारतात सरळ दिसते. वरिष्ठ स्पर्धांचं थेट प्रक्षेपण ज्या देशात हक्क विकले गेले आहेत तिथे बंद असतं, तेव्हा स्पर्धेच्या आधीच चॅनेलवरची सूचना वाचा. ज्युनियर मालिका ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. युरोपातल्या स्पर्धा आपल्याकडे दुपारी आणि संध्याकाळी येतात. नोव्हेंबरातली जपानची एनएचके ट्रॉफी सकाळ-दुपारच्या वेळेला, आणि अमेरिकेतली संध्याकाळची सत्रं दुसऱ्या दिवशी पहाटे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ज्युनियर मुलींच्या फ्री स्केटचा पहिला गट घ्यावा, शेवटचा नव्हे. तिथे चुका होतात, बार्टन त्या समजावतो, आणि उड्या अजून इतक्या वेगवान नसतात की कड दिसू नये.